सोनं मातीत घालणारा पारशी

मुंबईच्या माणसाला १८७४ साली नागपूर म्हणजे परमुलूखच होता. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन वीस वर्षं झाली होती. मध्य प्रांत नावाचा नवा कारभार १८६१ मध्ये सुरू झालेला, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी नागपूरला लागून जेमतेम सात वर्षं. गिरणी काढायची तर मुंबईत काढावी, हा त्या काळचा व्यवहार होता. विलायतेहून यंत्र आलं की उतरवायला गोदी तिथे, पैसा उभा करायला पेढ्या तिथे, मोडलं-बिघडलं तर दुरुस्त करणारा साहेबही तिथेच. असं असताना पस्तिशीतला एक पारशी नागपुरात येतो, रेल्वे स्टेशनापासून जवळ, जुम्मा तलावाच्या काठची दलदल विकत घेतो आणि तिच्यात मातीच्या गाड्यामागून गाड्या ओतायला लागतो. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, यात नवल नाही.

ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली आबांनी, माझ्या आजोबांनी. एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात त्यांची उमर गेली. "बंबईचा पारशी तळ्यात माती टाकून राह्यला," ते सांगायचे, "अन् इतवारीतला सावकार म्हणे, हा तं सोनं मातीत घालून राह्यला. मी नाई देत बाप्पा याले पैसे." सावकार इतवारीतला होता हे आबांचं सांगणं. तो पारशी म्हणजे जमशेटजी टाटा, आणि त्यांच्या चरित्रात हा सावकार नागपूरचा एक मारवाडी पेढीवाला म्हणून येतो, एवढंच. पण पुढचा भाग आबांच्या तोंडी आणि पुस्तकात सारखाच आहे. मिल चालली, नफा दिसू लागला, तेव्हा त्याच सावकारानं कबूल केलं की या माणसानं माती घातली आणि सोनं काढलं.

टाटांच्या आधीही परदेशातली माणसं आमच्या वऱ्हाड-नागपुरात धंद्याला आली होती, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय टाटांचं वेगळेपण कळत नाही. वडिलांचे एक स्नेही खामगावचे. आम्ही त्यांना खामगावकर काकाच म्हणायचो. त्यांचे वडील व्होल्कार्ट ब्रदर्सच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होते. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या दोन भावांनी ही कंपनी १८५१ साली काढली, एकाच वेळी विंटरथूरला आणि मुंबईला. त्यांच्यातला एक भाऊ, योहान गेओर्ग, दहाच वर्षांत मुंबईत वारला. पण कंपनी थेट खामगावपर्यंत पोचली. त्यांच्या जोडीला रॅली ब्रदर्स, मूळचे ग्रीसच्या खिओस बेटावरचे. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला, तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्याच वर्षी समुद्राखालून तारेनं मुंबई लंडनला जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता वऱ्हाडातल्या बाजारात काही तासांत कळू लागला.

काका सांगायचे, साहेब गाडीपाशी उभा राहून मूठभर रुई उचलायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी बोटांवर उरायचा तंतूंचा एक बारीक पट्टा. त्याची लांबी तो काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून पाहायचा, कारण काळ्यावर पांढरं स्वच्छ दिसतं. त्यावरून गाडीचा भाव ठरायचा. मग मुकादम, दलाल, रुमालाखालची बोटं. हंगाम संपला की गाठी मुंबईच्या वाटेला आणि साहेबही त्यांच्या मागे. खामगावकर काकांना त्या साहेबांबद्दल आदरच होता. वजनात चोख होते, म्हणायचे, शब्दाचे पक्के होते. ते मी मानते. मात्र त्या धंद्याची मुळं इथल्या मातीत नव्हती. इथून घ्यायचं आणि न्यायचं, इतकाच त्याचा आमच्याशी संबंध. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. ज्या शेतकऱ्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला होता, त्याला कोणी सांगायला आलं नाही की आता काय कर.

त्या कोसळण्यात जमशेटजीही सापडले होते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. परमुलखातला धंदा त्यांना नवा नव्हता. १८५९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना हाँगकाँगला पेढी उघडायला पाठवलं. तिथून पुढे शांघाय. इकडून कापूस आणि अफू जायची, तिकडून चहा, रेशीम, कापूर, दालचिनी यायची. मग प्रेमचंद रायचंद यांच्या साथीनं लंडनला बँक काढायचा बेत झाला आणि जमशेटजी कापसाची हुंडीपत्रं घेऊन विलायतेला निघाले. पोचेपर्यंत त्या कागदांची किंमत उतरू लागली होती. परक्या शहरात, परक्या घेणेकऱ्यांसमोर, पंचविशीतला हा मुलगा उभा राहिला आणि खरं ते सांगून मोकळा झाला. त्यांनी त्यालाच त्याच्या पेढीचा हिशोब मिटवायला नेमलं, महिना वीस पौंडांवर. जे वर्षभरापूर्वी स्वतःचं होतं, ते दुसऱ्यांच्या वतीनं विकून देणं फेडायचं. या माणसाला पुढे नागपुरात दलदल बुजवताना लोकांच्या हसण्याचं काय वाटलं असेल?

त्यानंतर त्यांनी मुंबईत चिंचपोकळीची एक तेलाची गिरणी घेऊन तिची अलेक्झांड्रा कापड गिरणी केली, चालवली, आणि दोन वर्षांत विकून टाकली. लँकेशायरला जाऊन सूतगिरण्या पाहून आले. मग देशभर जागा पाहत फिरले, जबलपूरकडेही पाहिली. निवड झाली नागपूरची. कारणं साधी आणि भक्कम होती. कापूस हिंगणघाट-वर्ध्याचा, दारातला. कोळसा वरोऱ्याचा. रेल्वे हाताशी. आणि गिऱ्हाईक? तेही इथेच. नागपूर, उमरेड, पवनीचे कोष्टी रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी विणत, त्यांना सूत लागे. म्हणजे कापूस ज्या गावात पिकतो, तिथेच त्याचं सूत व्हावं आणि तिथल्याच मागावर जावं. मुंबईच्या गिरणीमालकांच्या डोक्यात चीनची बाजारपेठ होती तेव्हा या माणसानं उमरेडचा कोष्टी पाहिला.

१८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नोंदली गेली. १ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग.

मिल चालवायला जमशेटजींनी माणूस शोधला तो रेल्वेतला. बेझनजी दादाभाई मेहता जी.आय.पी. रेल्वेच्या मालखात्यात होते. कापडातलं त्यांना ओ की ठो ठाऊक नव्हतं. यंत्राची बाजू जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या माणसाकडे. बेझनजींची निवड मला फार शहाणपणाची वाटते. मालाचे डबे कुठे अडतात, कुठला व्यापारी कुठल्या स्टेशनावर काय उतरवतो, कोणत्या गावाला कशाची ओढ आहे, हे रेल्वेच्या मालखात्यातल्या माणसाइतकं कोणाला माहीत असणार? सूत काढायला शिकता येतं. मुलूख ओळखायला वेळ लागतो.

सुरुवातीची यंत्रं हलकी निघाली. शेअर उतरले. मग जमशेटजींनी जुनी यंत्रं काढून नवी आणली, आणि १८८० च्या दशकात रिंग चाती बसवली, जेव्हा लँकेशायर स्वतः म्यूल या जुन्या सूतयंत्राच्या पुढे जायला तयार नव्हतं.

रिंग म्हणजे काय, हे मला आबांनी घरातल्या लोट्यावर समजावलं होतं. लोट्याच्या तोंडाची कड म्हणजे रिंग. त्या कडेवर एक इवलीशी पोलादी कडी अडकवलेली, अर्धवट मिटलेल्या नथीएवढी. तिला ट्रॅव्हलर म्हणतात. मधोमध चाती गरगर फिरते, तिच्या ओढीनं ती कडी कडेवरून धावत सुटते, आणि तिच्यातून जाणारा धागा पीळ खात बॉबिनवर गुंडाळला जातो. म्यूलमध्ये गाडा पुढे जातो, ओढतो, थांबतो, मागे येतो, मग गुंडाळतो. रिंगला थांबणं ठाऊकच नाही. सूत तुटलं तर यंत्र न थांबवता तुटलेलं टोक पकडायचं, कडीतून ओवायचं आणि वरून येणाऱ्या कापसाच्या पातळ धारेला लावून द्यायचं. आबांचा अंगठा आणि तर्जनी त्या सांध्यासाठी घडलेली होती. म्हातारपणी दिसेनासं झालं तरी सुईत दोरा तेच ओवून द्यायचे.

आणि सूत तुटायचं फार, विशेषतः चैत्र-वैशाखात. मुंबईची हवा दमट, लँकेशायरची तर ओलीच. कापसाच्या तंतूला ओल मिळाली की तो लवचीक राहतो, ताण सोसतो. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकला की हवेतली ओल पार उडून जाते, तंतू ठिसूळ होतो आणि धाग्यामागून धागा तुटत जातो. ही अडचण विलायतेच्या यंत्र विकणाऱ्याला सुचणंही शक्य नव्हतं, त्याच्या देशात ती नव्हतीच. एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओल सोडणारी यंत्रं बसवली गेली, आणि आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारे. आबा म्हणायचे, "सुताले सुख झालं, आमाले घाम." तेही खरं. ओल्या गरमीत बारा-बारा तास उभं राहणं सोपं नसतं. पण नागपूरची हवा नागपूरची आहे, ती लँकेशायरची होणार नाही, हे मान्य करून तिच्याशी जमवून घेणं, हे त्या मिलनं केलं.

हवेपेक्षा अवघड होती माणसं.

मुंबईचा कामगार रोज यायचा, नागपूरचा येत नसे. पटावर नाव असायचं, माणूस नसायचा. हातात चार पैसे आले की आठवडा आठवडा गायब. जमशेटजींच्या चरित्रकारांनी याची नोंद केली आहे, आणि तिचा सूर असा की नागपूरच्या माणसाच्या गरजा थोड्या, म्हणून त्याला कामाची ओढ कमी. याचं उत्तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. माझे पणजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून मिलमध्ये आले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. आम्ही त्या गावचे महार. आबा आपल्या वडिलांचंच बोलणं बोलून दाखवत: "आळशी काऊन म्हणतेत? आषाढात रोवणा असे. रोवणा सोडून कोणी मिलमधी जाईन का? धान घरी नाई आलं तं मिलच्या पगारावर सहा जीव जगतेत का?" शिवाय गावकी होती. पाटलाचा निरोप आला की जायचं, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणसाचं सामान वाहायचं. या कामाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. एक पाय मिलमध्ये आणि दुसरा गावाच्या वेसणीत, अशी त्या पिढीची स्थिती.

दंड वाढवणं, नाव कापणं, बाहेरगावचा मजूर आणून बसवणं, हे मार्ग मालकाच्या हातचे होते. एम्प्रेस मिलमध्ये दुसऱ्या वाटेनं जायचा प्रयत्न झाला. नेमानं येणाऱ्याला बक्षीस, तेही सगळ्यांसमोर, समारंभ करून. १८८६ मध्ये निवृत्तीसाठी निधी सुरू झाला. १८९५ पासून कामावर इजा झाली तर भरपाई. हिंदुस्थानात याचा कायदा व्हायला पुढे १९२३ साल उजाडलं, आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर स्वातंत्र्यानंतरचा, १९५२ चा. आज कोणी म्हणेल, मालकाच्या फायद्याचंच होतं ते. होतंच. माणूस टिकला तर सूत टिकतं. पण फायद्याची अशी वाट शोधायला आधी समोरच्याचं आयुष्य कशानं बांधलं आहे ते पाहावं लागतं. जो रोवण्यासाठी गावी जातो, तो उद्याच्या भाकरीची तजवीज करायला जातो. त्याला मिलमध्येच उद्याची तजवीज दिसली, तर तो थांबेल. निधीनं नेमकं तेच केलं.

आमच्या घरावर त्याचा काय परिणाम झाला, हे मी हिशोबात मांडू शकत नाही. रोख पगार मिळू लागला आणि गावकीची वेसण सुटली. पाटलाचा निरोप नागपुरात पोचत नव्हता. इंदोऱ्यासारख्या वस्त्यांमधल्या किती घरांची गोष्ट अशीच आहे. मिलच्या पगारावर पोरं शाळेत गेली, रात्री सभा झाल्या, वर्गणी गोळा झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटला त्यात मिल कामगारांची कुटुंबंच्या कुटुंबं होती. आबा-आजी त्यात होते. नवसारीच्या एका पारशानं कापसाच्या नफ्यासाठी काढलेल्या मिलमधून हे घडेल, असं १८७७ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसेल. यातलं श्रेय मी मालकाला देत नाही, ते बाबासाहेबांचं आणि त्या कामगारांचं आहे. पण रोख पगाराची ती खिडकी नसती तर वाट कितीतरी लांबली असती, असं मला मनापासून वाटतं. आणि पगाराच्या खिडकीपाशी सगळं गोडच होतं असंही नाही. रामचंद्र सखाराम रुईकरांच्या पुढाकारानं नागपूरच्या मिल कामगारांनी संप केले, ते हौसेनं केले नाहीत. निधी आणि बक्षिसं असतानाही पोट आणि पाळी यांचं भांडण शिल्लक होतंच.

मिलच्या पोटातून आणखी एक गोष्ट निघाली, ती सांगितल्याशिवाय नागपूरकराला राहवणार नाही. जमशेटजींचा थोरला मुलगा दोराबजी आधी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत, तिथे मिल काढता येईल का हे पाहायला गेला होता. ते जमलं नाही, आणि मग तो नागपूरला बेझनजींच्या हाताखाली आला. पुढे बऱ्याच वर्षांनी, पोलादाच्या कारखान्यासाठी लोखंडाचा शोध चालू असताना, चांद्याकडच्या लोहाऱ्याचा बेत जवळजवळ सोडून द्यायची वेळ आली होती. ते सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले, म्हणजे आमच्या अजब बंगल्यात. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्हा गडद रंगवलेला, म्हणजे लोखंडाचा साठा. तिथून राजहराच्या डोंगराचा शोध लागला. कारखाना अखेर साकचीला झाला आणि १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी उभी राहिली. जमशेटजी तोवर गेले होते, १९०४ मध्ये, जर्मनीत. अजब बंगल्यात आम्ही लहानपणी वाघ आणि तलवारी पाहायला जायचो. त्या नकाशाची गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, आणि आजही तिथे येणाऱ्या शाळेच्या पोरांना ती ठळकपणे सांगितली जावी असं मला वाटतं.

जलंब-खामगावच्या त्या स्विस कंपनीचं पुढे काय झालं? १९५४ मध्ये व्होल्कार्ट आणि टाटा एकत्र आले आणि त्यातून व्होल्टास निघाली. ज्या दोन परक्यांना मी इतका वेळ एकमेकांशी ताडून पाहते आहे, त्यांची नावं एका कंपनीत एकत्र झाली. एम्प्रेस मिल मात्र १९८६ मध्ये सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा भोंगा कायमचा बंद झाला. त्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे. जुम्मा तलावाला आता गांधीसागर म्हणतात.

माझा भाचा सध्या टांझानियात अरुशाला आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत फवारणी पंपांच्या कारखान्यात त्यानं उमेदवारी केली, आणि आता तिकडे पंप जोडायचा आणि विकायचा छोटा धंदा मांडतो आहे. भांडवल जमलं, परवाने झाले, गाळा मिळाला. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मोठेबाबा, माझे थोरले काका, माझ्याकडेच होते. आबांचा मोठा मुलगा, नव्वदीला टेकलेले, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. भाचा वैतागला होता. "मावशी, पोरं चांगली आहेत गं, हात चालतो त्यांचा. पण सांगून न सांगून चार-चार दिवस येतच नाहीत. इथल्या लोकांना कामाचं गांभीर्यच नाही."

मी काही बोलायच्या आत मोठेबाबांनी फोन मागून घेतला.

"काऊन रे, तिकडे पाऊस कधी पडते?"

"दोनदा पडतो, मोठेबाबा. मार्च ते मे मोठा, आणि ऑक्टोबरनंतर छोटा."

"आता कोणता चालू आहे?"

"मोठा."

"पोट्ट्यांच्या घरी शेती आहे का?"

फोनवर थोडा वेळ काहीच आलं नाही. मग भाचा म्हणाला, "विचारलं नाही मी. उद्या विचारतो."

"विचार. अन् पेरतेत काय तेही विचार. मका असन तं निंदणीच्या टायमाले परत जातीन थे. आत्ताच सुट्टी लावून दे त्यांची, मंग येतीन बरोबर."